लाल गाडीचे हलते दिवे

"आधी हात ठिवा," चाचा म्हणायचे. गाडी दारात आली की काय झालं विचारायचं नाही, बॉनेट उघडायचं नाही. इंजिन चालू ठेवून मालकाचाच पंजा जिथं खडखड होते तिथं टेकवायचा. "कळलं? आता मेहेरबानी करा अन् बाजूला बसा." तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेलच. आमचा नांदेडचा जरा जास्तच होता.

माझं सीटकव्हरचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून. दिवसभर त्यांची ठोकठोक माझ्या डोक्यात. भांडण रोजचं, चहाही रोजचा. चाचा कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत. भ्यायचे ते एकाच गोष्टीला. भूकंपानंतर ते मदतीचा ट्रक घेऊन लातूरकडं गेले होते. परत आले तेव्हापासून झोपताना दाराला कडी लावू देईनात. चाची ओरडायच्या, चोर येतील! "येऊ दे. चोर छप्पर पाडत न्हाई," चाचा म्हणायचे.

आणि नेमके त्यांच्या पोरीनं, नसीमनं, दहावीला भरघोस मार्क पाडले. तेव्हा जो तो पोरं उचलून लातूरला क्लासला नेऊन टाकत होता. नसीमलाही जायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं. चाचांचं एकच पालुपद, "तिथली जमीन ढिली हाय." पोरगी रडून रडून जेवेना. मी मध्ये तोंड घातलं तर म्हणाले, "तू तुझं रेक्झिन शिव."

त्याच दिवसांत लातूरचे एक क्लासवाले सर जुनी लाल स्पोर्ट्स गाडी घेऊन आले. असली गाडी आमच्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती. तिचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले, बटण दाबलं की वर यायचे. पण वर आले की म्हाताऱ्याच्या मानेसारखे लटलट हलायचे. कुणी पुठ्ठा कोंबून दिला होता, कुणी तार बांधली होती.

चाचांनी सरांचा हात दिव्यावर ठेवला, मग त्यांना बाजूला बसवलं. सांध्यातलं नायलॉनचं कडं, म्हणजे बुश, झिजलं होतं, आणि वर आलेला दिवा ज्या रबरावर टेकतो ते रबर दगड झालं होतं. बुश त्यांनी लेथवर करून आणलं. रबराचं जमेना. "टायरचं लई कडक, ट्यूबचं लई मऊ," म्हणत इकडंतिकडं बघितलं, पायातली हवाई चप्पल काढली, बोटानं दाबून पाहिली आणि सरळ कापली! मी माझ्या चपला उचलून दुकानात आत नेऊन ठेवल्या.

दिवे बसवता बसवता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "सर, तुमच्याकडं अजून हलतं का?"

"अधूनमधून हलतं, चाचा," सर म्हणाले. "पोरं उठून मैदानात पळतात. थोड्या वेळानं परत येऊन झोपतात."

चाचा कितीतरी वेळ तोच एक स्क्रू आवळत राहिले. सर चहाला गेल्यावर मला म्हणाले, "खरं बोलला माणूस. न्हाई म्हणला असता तर विषय खलास होता." मग सरांना एसटीनं पुढं पाठवलं. दिवे रस्त्यावर तपासावे लागतील, गाडी मीच आणून देतो, म्हणाले. त्याच संध्याकाळी नसीमची ट्रंक भरायला घेतली.

सकाळी निघालो. मागच्या नावापुरत्या सीटवर मी, माझ्या मांडीवर ट्रंक. पुढं बापलेक. भर उन्हात दिवे उघडे. समोरून येणारा प्रत्येक एसटीवाला हातानं खुणावायचा, दिवे चालू हायेत! "म्हाईत हाय रे बाबा!" चाचा करवादायचे आणि नसीम हसून लोटपोट व्हायची. दिवे मात्र लातूरपर्यंत जागचे हलले नाहीत.

गाडी सरांच्या हवाली केली आणि नसीमला घेऊन त्यांच्या क्लासच्या वसतिगृहात गेलो. तिथल्या बाईंशी हुज्जत घालून चाचांनी तिची खाट दाराशी ओढून घेतली. ट्रंक खाली ठेवली. "पढ," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. पोरगी दारात उभी, पण हा माणूस एकदाही मागं वळला नाही. मला रागच आला, खोटं कशाला बोलू?

परतीची एसटी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. मी दोन चहा घेऊन वळतो तो काय, चाचा लातूरला निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलेले!

"अहो, काय करून राहिले तुम्ही? पोरीला परत आणता का काय?"

"न्हाई रे. शिकू दे तिला. पर आज ती पहिल्यांदा घराबाहेर झोपणार. मी भिंतीबाहेर बसून ऱ्हातो. जमीन हललीच तर हाक तरी मारीन." गाडी सुटता सुटता ओरडले, "तिला बोलू नको. बाप भित्रा म्हणंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आले, डोळे तांबारलेले, आणि सरळ गॅरेज उघडलं.

मी इतकी वर्षं शब्द पाळला. परवा चाचा गेले. नसीम लातूरहून आली. डॉक्टर काही झाली नाही, तिथंच शाळेत शिकवते. गॅरेजची किल्ली माझ्याकडं होती ती घ्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "अब्बा लई चांगले होते, काका. पण मला वसतिगृहात सोडलं त्या दिवशी एकदा तरी वळून बघायला पाहिजे होतं. अजून दुखतं."

आता कुणासाठी शब्द पाळायचा? मी सगळं सांगून टाकलं.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. तिनं विचारलं, "कुठल्या भिंतीबाहेर?"

"ते काही मला बोलले नाहीत, पोरी."

"मी रात्रभर जागीच होते हो, काका," नसीम म्हणाली. "नुसती हाक मारली असती तरी ओ दिली असती."