एवारिस्तोच्या मुंग्या

एवारिस्तो किलोद्रानला आमच्या टेकडीवर कोणी एवारिस्तो म्हणत नाही. मुंगळा म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, आणि मला त्याचा पश्चात्ताप वगैरे काही नाही. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, डोक्यावर चार केस, खाली बंदराजवळच्या तंत्रशाळेत शिकवतो, आणि आयुष्यभर केलं काय? तर मुंग्यांवर प्रबंध लिहिला. खऱ्या मुंग्या नव्हेत. खऱ्या असत्या तर त्याच्या आईच्या साखरेच्या डब्यात काय कमी होत्या? सुनिल्दा व्हिनेगरचं फडकं घेऊन त्यांना पुसत असायची आणि ओरडायची, "एवारिस्तो, तुझे पाहुणे आलेत रे!"

याच्या मुंग्या लॅपटॉपमधल्या. मला त्याने इतक्यांदा समजावलंय की आता मी दुसऱ्याला शिकवू शकते. समजा एकतीस घरं आहेत आणि गाडी एक. कुठल्या घरी आधी जायचं, कुठल्या मागून? सगळ्या शक्यता तपासत बसलं तर जगबुडी येईल. म्हणून खोट्या मुंग्या सोडायच्या. प्रत्येक मुंगी आपल्या मनाने सगळी घरं फिरते. जिच्या फेरीत सगळ्या घरांना मिळून कमी वाट बघावी लागली तिच्या वाटेवर वास जास्त, आणि पुढच्या मुंग्या वासामागे. जुना वास हळूहळू उडून जातो. असं हजारदा केलं की एक चांगली वाट उरते.

"सगळ्यात चांगली?" मी विचारलं होतं.

"तसं कोणी सांगू शकत नाही, मावशी. पुरेशी चांगली."

"मग तुझं लग्न का नाही झालं रे? पुरेशी चांगली तर होती की ती मिरियाम."

कान लाल. तो चिडला की आधी कान लाल होतात, लहानपणापासून. त्याच्या खात्यात दुसरे लोक लांडगे वापरतात म्हणे, कोणी वटवाघळं, कोणी काजवे. सगळे तेच करतात, फक्त जनावर वेगळं. मी म्हटलं, शाळा आहे की सर्कस?

पण हसण्याची गोष्ट इथेच संपते, म्हणून मी जरा रेंगाळतेय.

सुनिल्दा म्हणजे त्याची आई, माझी भिंतीला भिंत शेजारीण. साखरेचा आजार जुना. गेल्या उन्हाळ्यात नव्या चपलेने टाच सोलली आणि ती जखम काही भरेना. एक दिवसाआड नर्सने येऊन मेलेलं मांस काढायचं, धुवायचं, पट्टी बांधायची. हे घरच्या माणसाचं काम नाही. एवारिस्तोने एकदा करून बघितलं, हात असा थरथरला की सुनिल्दा म्हणाली, "बाळा, तू मुंग्याच बघ." मी कोंबडी साफ करते, मासा सोलते, पण मलाही ते जमलं नाही, खोटं कशाला बोलू. आणि तिला खाली दवाखान्यात न्यायचं तर आमच्या दोनशे चौदा पायऱ्या. एकदा चौघांनी खुर्चीवर बसवून उतरवली होती. वाऱ्यात खुर्ची डुलायला लागली तशी ती सगळ्या संतांची नावं घेत होती आणि मधूनमधून त्या चौघांच्या आयांचीही.

दवाखान्याची घरोघर जाणारी एकच गाडी. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमच्या बाजूला, बाकीचे दिवस पलीकडच्या टेकड्यांना. पूर्वी कुणाकडे आधी जायचं हे निबाल्दो ड्रायव्हर ठरवायचा. कसं? जिथे गरम पाव आणि चहा मिळेल तिथे आधी. सुनिल्दाचा बिही नावाच्या फळाचा जॅम सगळ्या टेकडीत पहिला, म्हणून सुनिल्दाचा नंबरही पहिला. साडेआठला गाडी खाली, पावणेनऊला नर्स यास्ना वर. आपल्याकडे वशिल्याशिवाय पान हलत नाही हे काय मी सांगायला हवं? पण ज्यांच्या घरी जॅम नव्हता ते बोंबलायला लागले, आणि खरंच होतं त्यांचं. गल्लीपलीकडच्या पायऱ्यांवरच्या एरिबेर्तोलाही तसलीच न भरणारी जखम, त्याचं घर तर महिन्यात चारदा राहून गेलं.

आमच्या दारापुढेच वस्तीची सभा भरली. तिथे आमचा मुंगळा उभा राहिला. मी पहिल्या रांगेत होते, त्याची आई आपल्या खिडकीतून ऐकत होती. म्हणाला, "यादी माझ्या मुंग्या करतील. मुंग्यांना जॅम कळत नाही."

"आणि तू मागून हात घालणार नाहीस कशावरून?" एरिबेर्तोची मुलगी ओरडली.

हा प्रश्न खरा होता. त्या मुंग्या सुरुवातीला फासे टाकतात, आणि फाशांचा पहिला आकडा बदलला की यादी बदलते. दहा आकडे चालवून आपल्याला आवडलेली यादी उचलायची, कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला. दर सोमवारी सकाळी आठ वाजता, दवाखान्याच्या दारात, सगळ्यांच्या देखत, एकदाच चालवायचं. आकडा म्हणजे त्या दिवसाची तारीख. जे निघेल ते भिंतीवर.

"आणि तुझी आई शेवटी आली तर?"

"तर शेवटी," तो हसून म्हणाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मूर्ख बाई.

पहिल्या सोमवारी सुनिल्दा शेवटची आली. एकतिसावी.

गाडी दिवसभर रखडत आली आणि अंधार पडायला लागला तशी खालूनच वळून गेली. यास्नाने फोन केला, "आजी, आज नाही जमलं हो, बुधवारी नक्की." बुधवारी आली. शुक्रवारी पुन्हा नाही. दुसऱ्या सोमवारी यादी नवी, सुनिल्दा एकतिसावी. तिसऱ्या सोमवारी तिसावी. त्या दिवशी तिने मला पाव भाजायला लावला, आनंदाने. गाडी एकोणतिसाव्या घरावरून परत गेली.

एवारिस्तोने घरी बसून शंभर वेगळे आकडे टाकून बघितले. शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा आई शेवटी. "मावशी, हे नशीब नाही," तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला. "यात काहीतरी आहे."

शोधून काढलं त्याने. आणि काय निघालं, ऐका. प्रत्येक घराला रस्त्यापासून वर चढायला किती वेळ लागतो हे त्याने यास्नाला विचारलं होतं. आता आपल्या माणसाला कधी विचारून बघा, किती वेळ लागेल. पाच मिनिटं! भात शिजायला पाच मिनिटं, बस यायला पाच मिनिटं, नवरा बंदरावरून परतायला पाच मिनिटं, मग तो दोन दिवसांनी उगवेना का. यास्नाने तीस घरांना पाच सांगितलं, त्याने तीस घरांना पाच लिहिलं. फक्त आईच्या पायऱ्या तो स्वतः रोज चढायचा. तिथे त्याने घड्याळ लावून मोजलं होतं. अकरा.

म्हणजे सगळ्या टेकडीत एकच घर खरं, आणि मुंग्या त्यालाच टाळत होत्या, कारण तिथे आधी गेलं की बाकीच्या तिसांना जास्त ताटकळावं लागतं.

"मग लिही की पाच!" मी म्हटलं.

"ते खोटं आहे."

"आणि बाकीची तीस? ती काय देवाने सांगितली?"

"पण बदलणार मी फक्त आईचंच ना, मावशी. एरिबेर्तोच्या मुलीला काय सांगू?"

"सांगू नकोस! तिला कळतंय का तुझ्या त्या लॅपटॉपमधलं?"

"नाही कळत," तो म्हणाला. "म्हणूनच."

मी ताटली आपटली. सुनिल्दा भिंतीपलीकडून ओरडली, "एदुविना, माझ्या पोराला रडवू नकोस!" तिला सगळं ऐकू येतं, आमच्या भिंती म्हणजे पत्रा आणि देवाची कृपा.

मग त्याने काय केलं? घड्याळ घेऊन तीसही घरं चढला. शाळा सुटली की रोज दोन-तीन. वारा असा की कपडे वाळत घातले तर समुद्रात शोधायला जावं. गुडघे सुजले, कुत्रा चावला, एका बाईने चोर समजून पाणी ओतलं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत सुनिल्दाची टाच काळी पडायला लागली. मला वास यायचा. मी खिडकी उघडायची आणि म्हणायची, "काय गं, मासळी बाजारात गेली होतीस की काय?" आणि ती हसायची. दुसरं काय करणार होतो आम्ही दोघी.

खरे आकडे घेऊन तो सोमवारी दवाखान्याच्या दारात उभा राहिला. नऊ, बारा, सात, चौदा. पाचचं एकही घर नव्हतं. कळ दाबली. फेरीचा वेळ दाखवणारी पडद्यावरची हिरवी रेघ खाली उतरत गेली, उतरत गेली आणि थांबली. एकतीस घरं दिवसात बसतच नव्हती. सव्वीस बसत होती. पाच बाहेर, लांबची पाच. त्यात सुनिल्दा, आणि एरिबेर्तोही.

आधी ती यादीत शेवटी होती, आता यादीतच नव्हती.

त्याने तिथल्या तिथे, सगळ्यांना विचारून, एक नियम घातला: लागोपाठ दोनदा कोणालाही वगळायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा. एरिबेर्तोची मुलगीही हो म्हणाली. पुन्हा कळ दाबली. सुनिल्दा एक वार सोडून एक वार आली. म्हणजे हिशेबाला जिथे होती तिथेच. फक्त आता मुंग्यांची सही होती त्यावर.

"दुसरी गाडी मागा की," मी दवाखान्याच्या बाईंना म्हटलं.

"मागितलीय, सेन्योरा. अर्ज वर गेलाय."

"किती वेळ लागेल?"

ती बाई ते पाचवालंच उत्तर देणार होती, पण एवारिस्तोकडे बघून तिने अर्जांची फाईल उघडली.

घरी येताना तो एकशे चाळिसाव्या पायरीवर बसला. तिथे आम्ही सगळेच बसतो. म्हणाला, "मावशी, मी वीस वर्षं हेच शिकवतोय. आहे त्यात चांगलं कसं करायचं. पण आहे तेच कमी असलं तर मुंग्या काय करतील? गाडी थोडीच जन्माला घालतील." मला टोमणा सुचला होता, पण मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

मे महिन्याच्या शेवटी तिला ताप चढला. पुन्हा चौघे, पुन्हा खुर्ची. या वेळी तिने कोणाच्या आईचं नाव घेतलं नाही, तेव्हाच मला कळलं. मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या वरून काढावा लागेल. सही एवारिस्तोने केली. पेन मी धरून दिलं.

बावीस दिवसांनी परत आली. आता दवाखान्याचा जुना नियम आहे, मुंग्यांच्याही आधीचा: ज्याचं ऑपरेशन झालंय त्याचं घर पहिलं. सोमवारी भिंतीवर यादी लागली. एक नंबर, सुनिल्दा. पावणेनऊला यास्ना दारात. निबाल्दोसुद्धा धापा टाकत वर आला, टोपी हातात घेऊन.

सुनिल्दाने मला पाव भाजायला लावला, जॅमची बरणी काढायला लावली. मग पोराकडे बघून म्हणाली, "बघ, शेवटी वशिला लागलाच. पाय द्यावा लागला, एवढंच."

यास्ना हसली नाही. निबाल्दो पाव चावायचा थांबला. एवारिस्तोचे कान लाल झाले आणि तो साखरेच्या डब्यातल्या मुंग्या बोटाने एकेक करून बाहेर काढत बसला. मारल्या नाहीत.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझ्या जागी बाहेर कोण पडलं?"

"कोणी नाही, आई."

"सव्वीसच बसतात म्हणालास ना? मी आत आले तर कोणीतरी बाहेर गेलं असेल. मला गणित येत नाही असं समजू नकोस."

"एरिबेर्तो," तो म्हणाला. "लागोपाठ दुसऱ्यांदा. ऑपरेशनवाल्याचं नाव यादी झाल्यावर वर घालतात आणि शेवटचं गळतं, त्या नियमापुढे माझा मोडला."

तिने हातातला पाव खाली ठेवला. मग मला म्हणाली, "एदुविना, एक बरणी नेऊन दे गं त्याला."

"जॅमने जखम भरते का, बाई?"

"नाही भरत. नेऊन दे."

मी एरिबेर्तोला फोन केला, तो दाराकडे कान लावून बसलेला असणार, म्हटलं, नर्स नाही, मी येतेय, पाचच मिनिटांत. बरणी शालीखाली धरून आमच्या दोनशे चौदा उतरले, गल्ली ओलांडली आणि त्याच्या चढायला लागले. एवारिस्तोच्या वहीत त्या पायऱ्यांना बारा लिहिलेत. माझ्या गुडघ्यांना एकोणीस लागले.