मक्यातला हाका

थंडीतल्या रविवारी मी उजाडायच्या आधीच बूट घालून तयार असायचो. आठवडाभर शहरात ऑफिसची खुर्ची, आणि रविवारी फुलंब्रीजवळ चुलतभावाच्या शेतात रानडुकरांचा हाका. काठ्या, पत्र्याचे डबे, दोन कुत्री घेऊन मक्यात शिरलेला कळप डोंगराकडं पिटाळायचा. कुणी काही मारत नसे. भावासाठी ती पिकाची राखण होती, माझ्यासाठी मात्र शिकारच.

त्या थंडीतल्या पहिल्या हाक्याच्या रविवारी निघताना बायको म्हणाली, "काल जिन्यात दोनदा थांबलात."

"ॲसिडिटी आहे," म्हणत मी गाडी काढली.

गारठा कडक होता. कुत्री भुंकली, मका हलला आणि एक थोराड डुक्कर माझ्यासमोरून बांध ओलांडून गेलं. मी त्याच्यामागं धावलो. नांगरलेल्या ढेकळांतून, वर्षभर न पळलेल्या पायांनी. पन्नास-साठ पावलांवर छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा जबडा दुखायला लागला. दात दुखतोय असं मी स्वतःला सांगितलं आणि आणखी थोडा पळालो. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

बांधावर बसलो तेव्हा वहिनी चहाची किटली घेऊन येत होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

"भाऊजी, एवढ्या थंडीत घाम? अन् गार हाय."

"पळालो ना, म्हणून. बसतो जरा."

"नाय. माझ्या बापाला असाच सुटला व्हता. आमी पाणी पाजत बसलो." तिनं मक्याकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली. मी उठायला गेलो तर खांदा दाबून म्हणाली, "एक पाऊल टाकायचं नाय."

भावानं पिकअप थेट बांधापर्यंत आणली. वाटेत मी दोनदा विचारलं, डुक्कर कुठं गेलं? त्यानं गाडी तेवढी जोरात पळवली.

शहरात दवाखान्यात पोचल्या पोचल्या ईसीजीची पट्टी काढली, आणि दुपारच्या आत स्टेंट बसवला. डॉक्टर चिडूनच बोलले, "वर्षभर बसून राहता आणि एकदम थंडीत पळता. वर ती उत्तेजना. आधी दुखत होतं का?" बायको माझ्याकडं बघत राहिली. मी हो म्हटलं.

त्याला आता वर्ष होईल. गोळ्या चालू आहेत, रोज अर्धा तास सपाट रस्त्यानं चालतो. पण रविवारी झोप मोडतेच. गच्चीवर येरझाऱ्या घालतो, मनगट धरून ठोके मोजतो, मधेच चुकतो, पुन्हा मोजतो.

गेल्या महिन्यात शेवटी भावाच्या शेतावर गेलो, नुसता ओसरीवर बसायला. लांबून कुत्री भुंकली आणि जागेवर बसल्या बसल्याच छाती धडधडायला लागली. दुखत नव्हतं, तरी भीती वाटली. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कसं वाटतंय? खरं सांगा."

"धडधडतंय. दुखत नाही."

तिनं सूप बाजूला सारलं आणि हाका संपेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली.