न विचारता चाललेली वाट

सुहासिनी आळतेकरांच्या शेजारी गाडीत बसून ज्याला घाम फुटला नाही, असा माणूस थॉर्नक्लफ गावात शोधूनही सापडायचा नाही. इंग्लंडातल्या लँकेशरच्या एका दरीतलं हे जुनं गिरणगाव. बाईंचे यजमान मुरलीधरराव इचलकरंजीहून इथे टेक्स्टाइल इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा शेवटची एक गिरणी अजून धडधडत होती. तीही बसली. मग ते कॉलेजात शिकवायला लागले आणि जन्मात लूनापलीकडे काही न चालवलेल्या सुहासिनीबाईंनी काय करावं? ड्रायव्हिंग शिकवायचं लायसन्स काढलं! आता गावातला बेकरीवाला, पोस्टमन, चर्चची पाद्रीण, सगळे त्यांचेच चेले. "ब्रेक! ब्रेक! अरे देवा, ब्रेक!" एवढं मराठी निम्म्या गावाला येतं.

सहा दिवस गाडीत बसून कंबरेचा काटा ढिला होतो, म्हणून रविवारी बाई पायी. गावाच्या डोक्यावर रेवनशॉ मूर आहे. मूर म्हणजे बोडका, वाऱ्याचा, काळ्या दलदलीचा माळ. जुन्या खाणीपासून ओढ्याकाठाने चढायचं, माळाच्या कडेकडेने वरच्या दगडांच्या राशीपर्यंत जायचं आणि दुसऱ्या अंगाने फ्रँक हॅलिवेलच्या शेतावरून, दोन दगडी गडग्यांमधल्या बोळातून खाली गावात उतरायचं. गोल फेरी. पहिल्यांदा केली तेव्हा घरी येऊन बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, प्रदक्षिणाच की हो ही!" आणि तेव्हापासून एक रविवार चुकला असेल तर तो लेकीच्या, ऋजुताच्या जन्माचा.

हा माळ काही फुकट मिळालेला नाही बरं का. नव्वदेक वर्षांपूर्वी तो शिकारीसाठी राखून ठेवलेला होता आणि गिरणीतल्या माणसाने पाय ठेवला की राखणदार काठी घेऊन धावायचे. एका एप्रिलच्या रविवारी शेकडो गिरणीकामगार गाणी म्हणत सरळ वर चढले. मारामारी झाली, काही जण तुरुंगात गेले. त्यातला एक कॅथलीनचा आजा. कॅथलीन म्हणजे गावची निवृत्त शाळामास्तरीण, सुहासिनीबाईंची जिवाभावाची मैत्रीण. ती ही गोष्ट सांगायला लागली की अशी रंगात येते की ऐकणाऱ्याला वाटावं, ही स्वतःच काठी खाऊन आली आहे.

पुढे कायद्याने माळ सगळ्यांना मोकळा झाला. पण माळ मोकळा झाला म्हणून माळावरून उतरायची वाट मोकळी होते का? इथेच तर घोडं पेंड खातं! फ्रँक गेला, शेत विकलं गेलं, नव्या मालकाने बोळाच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवून कुलूप ठोकलं. फेरी तुटली. चार वर्षं झाली, गावाला आल्या वाटेने परत फिरावं लागतंय, नाहीतर लॉऱ्यांच्या हमरस्त्यावरून जीव मुठीत धरून चालावं लागतंय.

आता इंग्लंडचा एक कायदा आहे, आणि काय झकास कायदा आहे! एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडउघड, कुंपण न मोडता, कुणाची परवानगी न घेता चालत आले, तर ती वाट लोकांची. परवानगी न घेता, हे महत्त्वाचं. विचारलंत की संपलं, मग तुम्ही पाहुणे. गावाने दावा लावला, सरकारी निरीक्षकबाई मंगळवारी चर्च हॉलमध्ये साक्षी ऐकायला येणार होत्या आणि सगळ्यात भक्कम साक्षीदार कोण? सुहासिनी आळतेकर! इतकी वर्षं, दर रविवारी, पाऊस असो की बर्फ. कॅथलीन तर म्हणायची, "तू नुसती उभी राहा, आपण जिंकलो."

त्याआधीच्या रविवारी त्या जुन्या मोर्च्याची आठवण म्हणून गाव वर चढलं. लंडनच्या हॅरोहून ऋजुतासुद्धा आली होती. वारा कानात शिरत होता, कर्ल्यू पक्षी डोक्यावर लांब शीळ घालत होता, बुटात पाणी आणि तोंडात गाणं! बाईंच्या अंगात तर वारंच भरलं होतं. दगडांच्या राशीवरून खाली फ्रँकचं शेत दिसलं आणि बाईंना भरून आलं.

"बिचारा फ्रँक," त्या कॅथलीनला म्हणाल्या, "दर दिवाळीला माझ्या चकलीची वाट बघायचा गं."

कॅथलीन थांबली. "कसली चकली?"

"अगं, फराळाची! पहिल्या वर्षी त्याच्या अंगणावरून जाताना तो दारात उभा दिसला. दिवाळीचे दिवस आणि दारातल्या माणसासमोरून हात हलवत कसं जायचं? पुढच्या रविवारी डबा दिला. मग दर वर्षी दिला. आणि डबा कधी रिकामा परत केला नाही हो त्याने! कधी अंडी, कधी जॅम. कोणी शिकवलं होतं देव जाणे."

कॅथलीन दगडावर मटकन बसली. ऋजुताने कपाळाला हात लावला. "आई! तू त्याला मिठाई देत होती आणि तो तुला जाऊ देत होता? दॅट्स परमिशन, लिटरली! मंगळवारी तू ते डब्याची गोष्ट अजिबात नको सांगू. प्लीज!"

बाईंना आता कळलं. एवढ्या वर्षांची पायपीट आणि तिच्यावर आपल्याच हाताने आपण शंकरपाळे टाकले! आपल्यामुळे अख्ख्या गावाची वाट जाणार? इचलकरंजीत डबा देणं म्हणजे शेजारधर्म, त्यात विचारायचं काय आणि परवानगी कसली? पण हे कोर्टकचेरीच्या माणसांना कोण पटवणार!

घरी मुरलीधररावांनी चहा टाकला आणि सगळं ऐकून घेतलं. ते भांडणाच्या वाऱ्याला उभे राहणाऱ्यांतले नव्हेत. "सुहास," ते म्हणाले, "खोटं तुला जमत नाही. खोटं बोलायला लागलीस की तुझे कान लाल होतात. विचारलं तर सांगून टाक."

"आणि वाट गेली तर?"

"गेली तर गेली. मी आहे तुझ्याबरोबर." आणि हा माणूस, ज्याला गुडघ्यांमुळे कधी माळ चढता आला नाही, तो मंगळवारी पहिल्या रांगेत जाऊन बसला.

हॉल खचाखच भरला होता. बेकरीवाला दुकान बंद करून आलेला. बाई साक्षीला बसल्या. आवाज खणखणीत. कुठून चढायच्या, कुठून उतरायच्या, कुठल्या गडग्याला कुठला दगड निखळलाय, सगळं घडाघडा सांगितलं. निरीक्षकबाई मान डोलावत लिहून घेत होत्या. मग नव्या मालकाचे वकील उठले. उंच, गोड बोलणारे. असल्या गोड बोलणाऱ्यांपासून देव वाचवो!

"मिसेस आळतेकर, मिस्टर हॅलिवेलना तुम्ही दर वर्षी काही भेट द्यायचात ना? त्यांच्या पुतण्याला चांगलं आठवतंय."

झालं! पुतण्याला चकलीची चव आठवत होती. ऋजुताने डोळे मिटले. बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. ते नुसते हसले.

"हो, द्यायचे," बाई म्हणाल्या. "चकल्या, लाडू, चिवडा."

हॉलमधून एक उसासा फिरला. वकिलांचा हर्ष गगनात मावेना. "म्हणजे त्यांच्या जमिनीवरून जायचं, तर त्यांना खूश ठेवणं तुम्हाला योग्य वाटलं. तुम्ही अतिशय सभ्य बाई आहात. परक्याच्या जमिनीवर कुणाच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणाऱ्यांतल्या तुम्ही नाही."

तिथेच वकील खाली बसते तर! पण हाव वाईट. त्यांना विजयावर तुपाची धार हवी होती. "समजा, मिस्टर हॅलिवेलनी म्हटलं असतं, मिसेस आळतेकर, यापुढे इथून येऊ नका. तर तुम्ही काय केलं असतं?"

बाईंनी विचार केला. अगदी मनापासून केला. डोळ्यांसमोर तो बोळ आला, कॅथलीनचा आजा आला आणि दारात उभा फ्रँक आला. आणि त्यांच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर त्यांना केव्हापासून ठाऊक आहे.

"मी म्हटलं असतं, 'बरं फ्रँक, लाडू घ्या.' आणि गेले असते."

"त्यांनी नाही म्हटल्यावरसुद्धा?"

"अहो, वाट गावाची आहे! गिरणीतल्या बाया खाली कामाला यायच्या त्या वाटेने. फ्रँक नाही म्हणाला असता तर रुसला असता, मी पुढच्या रविवारी परत गेले असते आणि दिवाळीला फराळ दिला असता. फराळ शेजाऱ्याला देतात साहेब, रस्त्याला नाही!"

हॉल असा काही कडाडला म्हणता! बेकरीवाला बाकावर उभा राहिला, पाद्रीणबाई टाळ्या पिटायला लागल्या, कॅथलीन हसताहसता रडायला लागली. निरीक्षकबाईंनी शांत राहायला सांगितलं, पण त्यांचा स्वतःचा ओठ दाताखाली होता. वकिलांनी कागद गोळा केले आणि आणखी काही विचारलं नाही. मुरलीधरराव तेवढे जागचे हलले नाहीत, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

निकाल उन्हाळ्यात लागला. फराळ म्हणजे परवानगी नव्हे, वाट गावाची! कुलूप गेलं, फाटक गेलं. ऑगस्टात हेदरची झुडपं फुलून माळ जांभळा झाला तेव्हा सगळे फेरीला निघाले. दगडांच्या राशीपाशी कॅथलीनने बाईंना पुढे काढलं, आणि बाई बोळात अशा सुटल्या की ऋजुताला पळावं लागलं. गडग्याच्या दगडांवरून हात फिरवत, मोठमोठ्याने बोलत, डोळे पुसत. चार वर्षांनी! त्या बोळाच्या टोकाला मुरलीधरराव काठी टेकून वाट बघत उभे होते. गावाकडून तेवढं त्यांचे गुडघे चढले होते.

त्यांच्या मागून एक तरुण जोडपं वर येत होतं, पाठीवर नव्याकोऱ्या पिशव्या, हातात फोन. गावात नवखी दिसत होती. समोरून एवढा घोळका येताना पाहून दोघं बिचकली, बाजूला झाली, आणि त्यातली मुलगी अदबीने म्हणाली, "माफ करा, आम्ही इथून गेलो तर चालेल ना?"

बाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. मग तिचा दंड धरला आणि जवळजवळ ओरडल्याच, "विचारू नका! खबरदार कुणाला विचाराल तर! चाला!"