आढ्याला टांगलेल्या नळ्या

व्हर्लिन ओस्गार्डच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा शिरलेला माणूस वर बघतो आणि थबकतो. आढ्याला बंदुकांच्या नळ्या टांगलेल्या असतात, तेलकट कागदात गुंडाळलेल्या, मक्याची कणसं वाळत घालावीत तशा. प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर मालकाचं नाव. आमच्या खोऱ्यातले निम्मे म्हातारे तिथे सापडतील.

या नळ्या दुसऱ्या महायुद्धातल्या कार्बाइनींच्या. कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल. सरकारने जुन्या म्हणून विकायला काढल्या तेव्हा आमच्या बापांनी त्या घरी आणल्या. व्हर्लिन कार्बाइनची मूळ नळी काढून आढ्याला टांगतो आणि तिच्या जागी बारीक भोकाची बसवतो. गोळी लहान होते, पण सुसाट आणि सरळ जाते, आणि खांद्याला धक्का बसला न बसल्यासारखा. लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढून ज्यांचे खांदे गेले, त्यांना दुसरं काय हवं होतं?

या मापाचं काडतूस दुकानात मिळत नाही. व्हर्लिनच ते करतो. जुन्या मापाची पितळी पुंगळी साच्यात दाबून तिचा गळा बारीक करतो, बंदुकीची दारू तोलून भरतो, वर चिमुकली गोळी बसवतो. गिरणीत जन्मभर करवतींना धार लावलेला माणूस. घाई त्याला येतच नाही.

शहरातून संग्राहक येतात आणि इतिहासाची नासाडी केली म्हणून गळा काढतात. एकाला मी कॅफेतच विचारलं होतं, तुझ्या काचेच्या कपाटातल्या बंदुकीने शेवटचं हरीण कधी मारलं? व्हर्लिन वाद घालत नाही. तो वर बोट दाखवतो. "नासाडी कुठाय? ही काय टांगलीय."

आणि ते खरंच आहे. मालक वारला की व्हर्लिन कोट घालून त्या घरी जातो, कार्बाइन घेऊन येतो, आढ्यावरची नळी उतरवून परत बसवतो. बंदूक जशी युद्धातून आली तशी घरच्यांच्या हातात देतो आणि उरलेली काडतुसं मागून घेतो. ती मागावीच लागतात, कारण बारीक काडतूस मोठ्या नळीच्या घरात बिनबोभाट शिरतं, आणि तसं उडवलं तर गोळी भलतीकडे जाते, पुंगळी फुटू शकते. वर आणखी पंचाईत अशी की पुंगळी जुनी, त्यामुळे बुडावर जुनंच माप कोरलेलं. म्हणून बुडावर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका. ती कल्पना त्याच्या बायकोची, लोरेनाची. बाटलीही तिचीच. ती गेली, ठिपके चालू राहिले.

वसंतात ऑर्व्हिल स्टेनबर्ग वारला. व्हर्लिनने रिवाजाप्रमाणे सगळं केलं. सप्टेंबरात नेमबाजी क्लबच्या माळावर जुन्या रायफलींचा दिवस होता, तिथे ऑर्व्हिलची बायको मार्वेल नवऱ्याची कार्बाइन घेऊन आली. तिने नेम धरला, घोडा ओढला. फुस्स. निशाणाच्या कागदाला काही लागलं नाही. लांब कुठेतरी भलतीकडेच माती उडाली.

"खाली ठेव, मार्वेल," मागून व्हर्लिन म्हणाला. "बोट काढ आणि खाली ठेव."

त्याने गवतातली पुंगळी उचलली. तिचा गळा नाहीसा झाला होता, फुगून सरळ नळकांडं झालं होतं. बुडाला लाल ठिपका.

"माझं आहे," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप, दारावर पुठ्ठा: आपापल्या नळ्या घेऊन जाव्यात. मी तडक त्याच्या स्वयंपाकघरात गेले.

"हे काय खूळ आहे?"

"खूळ नाही गं. तिच्या घरून काडतुसं आणायची राहिली. मी कपाट नीट बघितलं का, आठवत नाही."

"माणूस विसरतो."

"विसरणाऱ्याने दारू भरू नये. काल फुस्स झालं. पुढच्या वेळी कोणाचा डोळा जाईल." त्याने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. "तू गिरणीच्या मालकाशी भांडलीस, पेन्शन मिळवलीस, सगळं मान्य. पण माझ्याशी भांडू नकोस. हात थांबवायची वेळ मलाच ठरवू दे."

हात थांबले तर हा माणूस हिवाळा काढणार नाही, हे मला दिसत होतं. त्याच्याशी भांडता येईना, म्हणून मी मार्वेलशी भांडायला गेले.

ती बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पुठ्ठा बघितला मी. ओरडू नकोस, बस."

तिने फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत काडतुसं, कापडात बांधलेली.

"त्याने विचारलं होतं, आणखी आहेत का. मी म्हटलं, नाहीत."

"तोंडावर खोटं बोललीस?"

"ठिपके बघ आधी."

मी बघितले. व्हर्लिनचे ठिपके गोल, मोजूनमापून. यांना शेपटी होती, ब्रश घाईने उचलल्यासारखी.

"लोरेनाचे आहेत. याच टेबलावर बसून लावायची. रंग कमी, गप्पा जास्त." मार्वेलने पीठ झटकलं. "म्हटलं, ऑर्व्हिलची बंदूक आणि लोरेनाचं काडतूस, एकदा दोघांना बरोबर वाजवावं."

"अगं, नळी बदललेली!"

"म्हणून तर काडतुसाच्या बुडावर काय लिहिलंय ते वाचलं. त्यावर जुनंच माप कोरलंय. वाटलं, ठिपका त्याच्या हिशेबासाठी असेल."

मी तिला गाडीत घातलं. व्हर्लिनच्या दारात ती डबा छातीशी धरून उभी राहिली.

"तू विसरला नव्हतास. मी लपवली होती."

त्याने डबा घेतला आणि उघडला. मग म्हणाला, "तुझा डोळा गेला असता तर लोरेनाने मला घरात घेतलं नसतं."

"ती नाहीये आता, व्हर्लिन."

"असती तर, म्हणतोय." त्याने एक काडतूस उजेडात फिरवलं. शेपटी दिसली. "किती वेळा सांगितलं होतं तिला, गोल काढ म्हणून."

मग तो गॅरेजचं कुलूप काढायला गेला. प्रत्येक काडतुसाची गोळी उपसून काढली, दारू ओतून घेतली, रिकाम्या पुंगळ्या डब्यात ठेवून डबा मार्वेलला परत दिला. एक त्याच्या वरच्या खिशात गेली. पुठ्ठा मीच फाडला.

आता मालक वारला की व्हर्लिन एकटा जात नाही, मार्वेलला बरोबर नेतो. तो टोपी हातात घेऊन विचारतो, आणखी काडतुसं आहेत का. घरचे म्हणतात, नाहीत. "बरं," म्हणून तो कॉफी घेत बसतो, आणि मार्वेल उठून बिस्किटांचे डबे उघडायला लागते.