सुकदेवमामांच्या विहिरीचा चोविसावा आकडा

रतिलाल काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हे. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात नोकरी, पिंप्राळ्यात दोन खोल्या, जुनी स्कूटर आणि बायकोने कितीही टोमणे मारले तरी न सुटणारं एक वेड : लिस्प नावाची कॉम्प्युटरची, कंसांनी भरलेली भाषा. ती जाणणारी खानदेशातली सगळी माणसं एका रिक्षात मावतील, असं विभागातले छगन सर म्हणायचे. "अहो, तुम्हाला पगार प्रोग्रामचा मिळतो की कंस मोजायचा?" रतिलाल हसायचा. पण ९२ सालच्या मे महिन्यापासून ते हसणं गेलं ते गेलंच.

त्या महिन्यात त्याचे सुकदेवमामा स्वतःच्या विहिरीत गाडले गेले.

त्याचं असं झालं. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे मामांचं गाव. त्या पट्ट्यातल्या साठ विहिरींची पाहणी कॉलेजने घेतली होती. गावचा उखर्डू दर महिन्याला वजन बांधलेला दोर विहिरीत सोडायचा आणि पाणी किती फुटांवर लागलं ते कागदावर लिहायचा. असे दोन वर्षांचे चोवीस आकडे झाले, की पाणी पुढे कुठे जाईल ते रतिलालचा लिस्पमधला प्रोग्राम सांगायचा. अवघड गणित करणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, मात्र सी भाषेतली, बाहेरून आणलेली. लिस्पने आकडे द्यायचे, सीने गणित करायचं, आणि या दोघांमधला जोड रतिलालने स्वतः लिहिलेला. काय मिरवायचा तो त्या जोडावर! तर त्या प्रोग्रामने सांगितलं, मामांच्या विहिरीचं पाणी जूनपर्यंत ऐंशी फुटांखाली जाणार. विहीर सत्तरची. रतिलाल एसटीने गावी जाऊन सांगून आला, "मामा, वीस फूट खाली जा. पाणी राहणार नाही." खोदकाम सुरू झालं आणि आठव्या दिवशी बाजू ढासळली.

तेव्हापासून मामांचा खोकला त्याचा पिच्छा सोडेना. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून तो आत शिरला, की एसीच्या घरघरीत तो कोरडा, दोनदा येणारा खोकला हमखास ऐकू यायचा. भर दुपारी, चार माणसं बसलेली असताना! तो मान वळवून बघायचा. लोक म्हणायचे, "तुझा काय दोष रे? तू खरं तेच सांगितलंस." त्या एका वाक्याला धरून बिचाऱ्याने दोन वर्षं काढली.

९४ साली लायब्ररीची नवी आवृत्ती फ्लॉपीवर आली आणि जुना जोड चालेना. रतिलाल ठिगळ लावायला बसला. तीन दिवसांत जोड चालू झाला. मग खात्री करायला त्याने साठही विहिरींचे जुने आकडे पुन्हा चालवले. एकोणसाठ उत्तरं जुन्या कागदांशी तंतोतंत जुळली. मामांची विहीर जुळेना. जुन्या कागदावर ऐंशी फुटांहून जास्त, आता एकसष्ट.

झालं होतं एवढंच, की लिस्पवाले नेहमी करतात ती चूक त्याने केली होती. नव्या जोडात विहिरींची यादी उलटी तयार झाली होती आणि ती सुलटी करायची राहून गेली होती. पण विहिरींचा क्रम उलटला म्हणून विहिरीचं पाणी कसं बदलेल? त्याने मामांचे आकडे एकेक करून उघडले. तेवीस आकडे ठीक. चोविसाव्या जागी आकडाच नव्हता, लिस्पमध्ये रिकाम्यासाठी लिहितात तो निल होता.

आणि त्याला आठवलं. ९२ सालचा तो एप्रिल आजीच्या, म्हणजे मामांच्या आईच्या, मरणाचा. तो स्वतः मामांच्या घरी बसलेला असताना उखर्डू दोर घेऊन दारापर्यंत आला होता, आणि घरात सुतक बघून तसाच परत गेला होता. सुतकातल्या घराच्या विहिरीत त्या गावात कोणी दोर सोडत नाही. उखर्डूने जागा कोरी सोडली. रतिलालच्या जोडाने ती कोरी जागा नुसती ओलांडली, आणि यादीतल्या आधीच्या विहिरीचा एकशे बारा हा आकडा तिथे पडून होता तोच सीने गणितात धरला. पहिल्याचं खरकटं ताट न धुता दुसऱ्याला वाढावं, तसं. ते एकशे बारा फुटांवरचं पाणी मामांचं नव्हतंच. दुसऱ्याच कुणाच्या तरी आटत चाललेल्या विहिरीचं होतं. आता क्रम उलटल्याने आधीची विहीर बदलली, म्हणून उत्तरही बदललं.

त्याने दुरुस्ती केली. कोरी जागा दिसली की प्रोग्राम आता थांबतो, उत्तर देत नाही. कोरी जागा वगळून मामांचा खरा हिशोबही काढला. चौपन्न फूट. आणि खोकला? तो काही थांबला नाही. सांगितल्याशिवाय सुटका नाही, असं रतिलालने ठरवलं आणि रविवारी एसटी धरली.

झुंबरमामी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्याने कागद पुढे केला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"म्हंजे विहीर खंदानी गरज नव्हती?" मामीने विचारलं.

"नव्हती, मामी. चूक माझी. मला काय बोलायचं ते बोला."

शिव्या ऐकायच्या तयारीनेच तो आला होता. खरं तर त्या हव्याच होत्या त्याला.

"तू सांगी गया, पन तुना मामा आठ दिन नहीच म्हनेत," मामी हळू म्हणाली. "विहीर माले माहित शे, ती आटाव नही, आशे म्हनेत. मीच त्यासना मांगे तगादा लाया. म्हनं, भाचा इतला शिकेल शे, त्यानं तरी आयका."

रतिलालने पुढे केलेला कागद मागे घेतला.

"दोन वरीस मनले समजाडं, का भाचानं खरं सांगं व्हतं, आपलं नशीब खोटं. आते काय सांगू मनले?"

अरे रतिलाल, कागद घरीच ठेवून आला असतास तर! पण आता बोलून काय उपयोग. मामीने पदर झटकला, शेंगांची टोपली बाजूला सारली आणि भाच्यासाठी चहा टाकायला आत गेली.