कागदाला आकडा लागू नये

"कागदाला थुंकी लागली तरी चालेल, आकडा लागू नये." बाह ड्रिक्सन, म्हणजे ड्रिक्सनदादा, हे इतक्यांदा म्हणायचा की खासी डोंगरातल्या त्याच्या गावात लोक त्याला बघितल्यावर आधीच हसायचे आणि मागून म्हणायचे, "चालली बघा वही."

वहीच्या पानांवर तारीख नव्हती. खासींचा आठ दिवसांचा जुना आठवडा बाजारांच्या नावांनी चालतो, तशी तो नोंद करायचा. 'लिंगकाचा बाजार. सकाळी हात थरथरले. प्रार्थना केली, हात थांबले.' बायबलमधलं वचन उतरवलं तरी अध्याय लिहायचा नाही. लेकरं किती, तेही नाही. 'माझी लेकरं', एवढंच.

कारण आकडा म्हणजे तीर, बाणांवरचा जुगार. धनुर्धारी दुपारी बाण सोडतात. निशाणात रुतलेले बाण मोजतात आणि त्या संख्येचे शेवटचे दोन अंक ज्याने आधी सांगितले, तो जिंकला. ते अंक स्वप्नांतून काढायचे. साप दिसला तर अमुक, बाई रडली तर तमुक. उकिरड्यावरच्या कुत्र्यासारखा ड्रिक्सन अर्धं आयुष्य दुसऱ्यांची स्वप्नं हुंगत फिरला. बाळंतिणीला विचारायचा, तापात बरळणाऱ्याच्या उशाशी कान लावून बसायचा. शेवटी सुतारकामाचा रंधासुद्धा घरात उरला नाही, तेव्हा चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या हातात कोरी वही ठेवली. "देवाला सांगायची लाज वाटते, तेवढंच लिही," ते म्हणाले.

तो लिहीत राहिला. रंधा परत आला, बायकोच्या घरात त्याचं ताट पुन्हा चुलीजवळ आलं. एकच गोष्ट लिहायची राहिली होती. ती लिहिताना तो मध्येच उठून परसात जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि पुन्हा बसला. रविवारी त्याने तेच पान चर्चमध्ये वाचलं.

"आई मरत होती. म्हणाली, ड्रिक्सन, तुझा गेलेला मामा आलाय, दारात उभा आहे, हातात कोंबड्या आहेत. मी विचारलं, किती? तिने सांगितलं. मग म्हणाली, हात धर. मी हात सोडवून तीरच्या दुकानात पळालो. परत आलो तर तिच्या तोंडावर माशी बसलेली. आकडा लागला. त्याच पैशाचं डुक्कर मयताला आलेल्यांना वाढलं. लोक जेवले, म्हणाले, मुलगा असावा तर असा."

त्याने मान वर केली. बाकांवर सगळ्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना करताहेत, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. मग त्याला काँग थ्रिमाईची बोटं दिसली. चहाच्या दुकानातली ही म्हातारी, सगळ्यांची काँग म्हणजे ताई, पदराआड एकेक बोट मिटून काहीतरी मोजत होती.

दारातच तिने गाठलं. पान-सुपारीच्या कवायने लाल झालेलं तोंड त्याच्या कानाशी आणलं. "फार रडवलंस रे बाह. पण कोंबड्या किती, ते नाही वाचलंस?"

"ते लिहिलेलं नाही, काँग."

"लिहिलेलं नसेल. आठवत तर असेल!"

संध्याकाळपर्यंत घरी ताटं येत राहिली. लाल भात, डुकराचं मांस, केळी. प्रत्येकाने त्याच्या आईसाठी हळहळ केली आणि उठताना तेच विचारलं. मांसाची चरबी ताटात पांढरी थिजली. मेलेल्या आईला पुन्हा दारात बसवून सगळं गाव तिच्या तोंडात बोटं घालत होतं.

सोमवारी सकाळी बायकोने, बिओलिनने, चहा पुढे ठेवला. याच बाईने त्या खेळापायी स्वतःचे केस उपटले होते. ती चुलीकडे बघत म्हणाली, "किती होत्या हो? मी खेळणार नाही. नुसतं विचारते."

त्याने कप खाली ठेवला. किळस त्याला नंतर आली, स्वतःचीच. आकडा त्याच्या जिभेवर तयार होता, ऊन ऊन, कालपासूनच. डोक्यात त्याचा हिशेबही झाला होता.

त्याने वही ओढली, लिहिलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "पामतियाहचा बाजार. बायकोने विचारलं. देवा, मला सांगावंसं वाटलं. आणि खेळावंसंही वाटलं. आई, तुझा हात अजून मी धरलेला नाही."

बिओलिनने तोंडाला पदर लावला. "पुसून टाका ते," ती पुटपुटली.

"राहू दे. लाज आहे ती, आकडा नाही."

त्याने वही काखेत मारली, रंधा घेतला आणि चर्चचं मोडकं बाक दुरुस्त करायला निघाला. वाटेत थ्रिमाईचं दुकान होतं, त्याला लागूनच तीरचं. निकालाचे आकडे लिहायचा फळा पुसून ठेवलेला होता. बिओलिन कुंपणापर्यंत धावत आली आणि थांबली. तो फळ्यापाशी पोचला. त्याने फळ्याकडे बघितलं, रस्त्यावर थुंकला आणि पुढे गेला. तीरवाल्याची हाकही त्याने ऐकली नाही.

आपल्या दारात उभी राहून थ्रिमाईही त्याच्याकडे बघत होती. तिचे लाल ओठ हलत होते. ती त्याची पावलं मोजत होती.