नळकाकांची यादी

नळकाकांनी हात लावलेला नळ पुन्हा गळत नसे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सत्तरीचा माणूस, पण सिंकखाली पाठीवर झोपून पाना फिरवायला लागला की भलेभले तरुण तोंडात बोटं घालत. कामात हयगय नाही आणि बोलण्यात गोडवाही नाही. असा हा माणूस दर रविवारी बायकोबरोबर प्रार्थनेला जायचा आणि चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरच बसायचा. बाप्तिस्मा मात्र घ्यायचं नाव नाही.

"लायकी नको का?" म्हणायचे. "चिखलाचे पाय घेऊन कुणाच्या घरात शिरायचं?"

म्हणून त्यांनी आपल्या चुकांची यादी केली, कामाच्या वहीच्या मागच्या पानांवर, आणि एकेक चूक निस्तरायला घेतली. हसू नका, करून बघा एकदा! बावीस वर्षांपूर्वी एका बाईंकडे त्यांनी जुनाच वॉशर उलटा करून बसवला होता. नवा घेऊन गेले, तर बाई कधीच वारलेल्या. सुनेला वाटलं, म्हातारा चोरी करायला आलाय. तिच्या शिव्या निमूट खाल्ल्या, वॉशर बदलला, आणि मगच यादीतल्या त्या ओळीवर काट मारली. असला माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही.

खोडता खोडता एकच ओळ उरली. धाकटा भाऊ. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि काकांनी त्याला कळवलंच नाही. दोघांचं वाजलेलं होतं, म्हणून रागात राहून गेलं, असं ते सांगायचे. धाकटा धावत आला तेव्हा आईला मातीसुद्धा देऊन झाली होती. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्यातच काकांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. काका त्याच दुपारी भावाकडे गेले. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "माफी हवीय ना? मेलास तरी मिळणार नाही."

घरी येऊन ते खुर्चीत मटकन बसले. "संपलं," बायकोला म्हणाले. "तो माफ करत नाही तोवर यादी पुरी होत नाही. माझं तारण आता त्याच्या हातात आहे."

"भाऊजींच्या हातात?" काकू भडकल्याच. "मग प्रभूनं जीव कशाला दिला हो? नवी लाइन टाकली की आधी काय करता तुम्ही?"

"पाणी सोडतो."

"गळत्या बुजवून मग?"

"वेडी आहेस का? कोरड्या पाइपात गळती दिसते कुठं? पाणी आलं की कळतं, कुठं ठिबकतंय ते."

"मग जिवाचंच तेवढं उलटं कसं? आधी प्रभूला आत येऊ द्या. दुरुस्ती त्याच्या पाठोपाठ होते. देवाचं घर म्हणजे तिकीट काढून आत जायची जागा नाही!"

काका म्हणाले, "एवढं अकलेचं आधी का नाही बोललीस?"

"चाळीस वर्षं बोलतेय. ऐकायला कान होते कुठं?"

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ते बाप्तिस्म्यासाठी चर्चच्या पाळकसाहेबांपुढे उभे राहिले.

"प्रभूनं तुमच्यासाठी जीव दिला, त्यानं तुमच्या पापांची क्षमा केली, यावर विश्वास आहे?"

"आहे," काका म्हणाले. "पण मी काय करायचं?"

"ते त्यानं केलंय, काका. तुम्ही फक्त घ्यायचं."

कुणाचा फुकटचा चहाही न घेणारा माणूस तो! त्याला याच्याइतकं अवघड काम आयुष्यात पडलं नव्हतं. ते पाण्यातून बाहेर आले ते पोरासारखे रडत, आणि सगळ्यांदेखत रडताना त्यांना तिळमात्र लाज वाटली नाही.

केस ओलेच होते. तसेच ते भावाकडे गेले. तीन जिने, दर वळणावर थांबत, धापा टाकत चढले आणि दार वाजवलं.

"पुन्हा आलास? सांगितलं ना, माफी नाही!"

"नको देऊस. मागच्या खेपेला मी माझ्यासाठी आलो होतो." काकांनी दाराच्या चौकटीला धरलं. "आज तुझं तुला द्यायला आलोय. भांडण होतं म्हणून कळवलं नाही, हे खोटं आहे. आई दोन दिवस तुलाच हाक मारत होती. उशाशी मी बसलेलो, पण मला एकदाही नाही. मला ते सोसलं नाही रे. म्हणून नाही बोलावलं तुला."

काका जिन्याच्या पायरीवर बसले. मग कडी निघाली. धाकटा दारात उभा होता, त्याचेही केस आता पार पांढरे झालेले.

"आत ये," तो म्हणाला. "कशी हाक मारत होती, ते सांग."